बुलढाण्यातली निहाली भाषा ऑनलाइन शिकवायची तर काय करावं लागेल?

बुलढाणा जिल्हा म्हटलं की लोणारचं सरोवर, शेगाव आणि सिंदखेड राजा आठवतं. पण याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद तालुक्यात अशी एक भाषा बोलली जाते, जिचं जगातल्या कोणत्याही भाषेशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही.

या भाषेचं नाव निहाली. अभ्यासकांच्या अंदाजानुसार ती बोलणारे साधारण दोन हजार लोक आहेत. युनेस्कोने तिची नोंद अतिशय धोक्यात असलेल्या भाषांमध्ये केली आहे.

2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात वाद पेटला आणि सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. या सगळ्या चर्चेत निहालीचं नाव कुठेच नव्हतं. म्हणूनच हा प्रश्न विचारायला हवा की, निहाली शिकण्यासाठी एखादं ऑनलाइन केंद्र उभं करायचं ठरलं, तर ते कसं असावं?

निहाली वेगळी कशी?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात निहालीची नोंद कोरकूसारख्या मुंडा भाषांसोबत झाली होती. पुढे डच अभ्यासक कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. निहालीतल्या सुमारे एक चतुर्थांश शब्दांचं मूळ शेजारच्या कोणत्याही भाषेत सापडत नाही, असं त्यांनी दाखवलं. बाकीचे बरेच शब्द कोरकू, मराठी, हिंदी आणि द्राविडी भाषांमधून आलेले आहेत.

आकडे हे याचं सोपं उदाहरण आहे. दोन ते चारसाठीचे शब्द द्राविडी वळणाचे आहेत, तर पाचपासून पुढचे मराठी-हिंदीकडून घेतलेले.

निहाल लोक पिढ्यानपिढ्या कोरकू आणि इतर समाजांच्या शेतांवर राबत आले. त्यामुळे शेतावर कोरकू, बाजारात मराठी-हिंदी आणि घरात निहाली अशी भाषांची वाटणी होत गेली. आता घरातली जागाही कमी होत चालली आहे.

मग माहिती उपलब्धच नाही का?

आहे, पण ती अभ्यासकांसाठी आहे. के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रकाशित केलं आहे. शैलेंद्र मोहन यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये असताना या भाषेचं ध्वनिमुद्रण आणि दस्तऐवजीकरण केलं.

हे काम मोलाचं आहे, पण जतन करणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीतलं व्याकरण आणि ध्वनिशास्त्राच्या चिन्हांत लिहिलेले शब्द सोनबर्डीतल्या सातवीच्या मुलीला उपयोगी पडत नाहीत.

सरकारी तंत्रज्ञानातही हीच पोकळी दिसते. केंद्राच्या 'भाषिणी' प्रकल्पाचा भर राज्यघटनेतल्या 22 भाषांवर आहे. 2025 मध्ये आलेल्या 'आदि वाणी' या आदिवासी भाषांच्या अनुवाद साधनाची सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या मोठ्या भाषांपासून झाली. जनगणनेतही दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्र दिले जात नाहीत, ते 'इतर'मध्ये जातात. आकडाच दिसत नसेल, तर त्यासाठी निधी मागायचा कसा?

शिकणारा नेमका कोण?

केंद्राची रचना या उत्तरावर ठरते. इथे शिकणारे किमान तीन प्रकारचे आहेत.

पहिला, निहाली कानावर पडते पण बोलता येत नाही, असा मुलगा किंवा मुलगी. त्यांना आजी-आजोबांच्या आवाजातल्या गोष्टी, नात्यांची नावं, झाडांची आणि भाज्यांची नावं हवी आहेत.

दुसरा, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. याचा विचार सहसा होत नाही. पहिलीतलं मूल 'तहान लागली', 'पोट दुखतंय' हे घरच्या भाषेत सांगत असेल, तर शिक्षकाला ते कळायला हवं. अशी पन्नास वाक्यं आवाजासह मिळाली, तरी वर्गातलं चित्र बदलू शकतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस करतं. निहालीसाठी त्याची सुरुवात इथून होऊ शकते.

तिसरा बाहेरचा अभ्यासक. त्याच्यासाठी आधीच बरंच काही आहे, त्यामुळे त्याचा नंबर शेवटी.

पहिल्या दोघांसाठी काही गोष्टी उघड आहेत. निहालीला स्वतःची लिपी नाही, म्हणून आधी आवाज आणि मग देवनागरीतला मजकूर. सूचना मराठीत आणि कोरकूत. फाइल लहान, एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालणारी आणि एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवता येणारी.

आणखी एक अडचण आहे. जामोद-सोनबर्डीकडची निहाली आणि कुवरदेव-चालठाणाकडची निहाली यांत फरक आहे. एकच रूप 'शुद्ध' ठरवलं, तर दुसऱ्या गावातलं मूल आपलीच भाषा चुकीची समजेल. म्हणून प्रत्येक शब्दासोबत गावाचं नाव आणि दोन्हीकडचे उच्चार हवेत.

चावी कोणाकडे?

हा सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. निहाली ही बाहेरच्यांना कळू नये म्हणून वापरली जाणारी गटाची गुप्त बोली असावी, अशी शक्यता कायपर यांनी मांडली होती. ती खरी असो वा नसो, दुबळ्या समाजासाठी दुसऱ्याला न कळणारी भाषा ही एक ढाल असते. तिचे सगळे शब्द एका क्लिकवर जगासमोर ठेवायचे का, हे पुण्यात किंवा म्हैसूरमध्ये बसून ठरवता येणार नाही.

कॅनडात यावर एक मार्ग काढला गेला आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी भाषांसाठी 2003 मध्ये 'फर्स्टव्हॉइसेस' हे संकेतस्थळ सुरू झालं. तिथे कोणते शब्द, गाणी आणि कथा सर्वांना दिसतील आणि कोणत्या फक्त समाजातल्या लोकांना, हे तो समाजच ठरवतो.

निहालीसाठीही असे थर ठेवता येतील. रोजचे शब्द आणि शाळेची वाक्यं सर्वांसाठी खुली. गाणी आणि कथा सांगणाऱ्याच्या परवानगीने. विधी आणि घरगुती गोष्टी फक्त गावात. दिलेली परवानगी नंतर मागे घेण्याचा हक्कही हवा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणांना मानधन मिळालं, तर या भाषेला पहिल्यांदाच रोजगाराची जोड मिळेल.

अडचण पुढे येते. प्रकल्पाचे पैसे दोन-तीन वर्षांत संपतात आणि संकेतस्थळ बंद पडतं. म्हणून सगळ्या ध्वनिफितींची एक प्रत गावातल्या शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत असायला हवी.

इतकं करूनही घरात आई-वडील मुलांशी निहाली बोलतील याची खात्री कोणतंही ॲप देऊ शकत नाही. पण ही भाषा बोलायला लाज वाटावी असं काही नाही, हे मुलाला शाळेतच ऐकायला मिळालं, तर घरात ती बोलणं त्याला सोपं जाईल.