मग काय उपयोग?

माझं वजन गेल्या तीन वर्षांत जवळपास हललेलं नाही. याच तीन वर्षांत मी आठवड्यातले चार दिवस टेकडीवर जातेय आणि दोन दिवस बॅडमिंटन खेळतेय. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरच्याच्या चेहऱ्यावर दया दाटून येते. आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो : "मग काय उपयोग?"

हा प्रश्न मावशी विचारते, ऑफिसातला टीम लीड विचारतो, टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर भेटणारे काका विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरीही हा प्रश्न मूर्खपणाचा आहे आणि त्यानं माणसांचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यायामाला वजनाच्या दावणीला बांधून आपण त्याचं वाटोळं केलंय. जाड माणसाला तो शिक्षा म्हणून सुनावला जातो. बारीक माणसाला "तुला काय गरज?" म्हणून माफ केला जातो. आणि ज्यांना तो मनापासून आवडतो, त्यांना तसं सांगायचीही चोरी झाली आहे.

आधी साधं गणित करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. साठ-सत्तर किलोचा माणूस तासभर नीट पावलं उचलत चालला, तर जेमतेम दोनशे ते अडीचशे किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे एक किलोसाठी तीस-पस्तीस तास चालायचं, तेही खाण्यात एका घासाचीही वाढ न करता. टेकडी उतरून खाल्लेला एक वडापाव त्या दिवसाचा हिशेब मिटवून टाकतो. शिवाय शरीर स्वतः काटकसरी असतं. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडझा शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगतात, रोज मैलोन् मैल चालतात. तरीही शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्यांएवढाच निघाला. एकीकडे जास्त खर्च झाला की शरीर दुसरीकडे हात आखडतं, असा पाँट्झर यांचा तर्क आहे. वजन घटवण्यात मोठा वाटा खाण्याचा असतो. तरी आपण व्यायामाकडून नेमकं तेच काम मागतो जे त्याला सगळ्यांत कमी जमतं, आणि मग त्याला नापास करतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चुकीचं मोजमाप काय घोळ घालतं याची उदाहरणं आमच्याकडे पैशाला पासरी मिळतात. कोडच्या ओळी मोजून पगारवाढ द्यायला लागा, लोक दहा ओळींचं काम चाळीस ओळींत करतील. बंद केलेली तिकिटं मोजा, तिकिटं धडाधड बंद होतील आणि बग जागच्या जागी राहतील. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५मध्ये मांडलेला हा नियम आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो : मोजमाप हेच लक्ष्य झालं, की ते मोजमाप म्हणून निकामी होतं.

माझ्या आधीच्या कंपनीत एकदा वजन घटवण्याची स्पर्धा झाली. तीन महिने मुदत, टीम पाडलेल्या, टक्केवारीत ज्या टीमचं वजन जास्त घटेल तिला बक्षीस. शेवटच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या लोकांनी पाणी पिणं कमी केलं. एक जण वजनाच्या दिवशी सकाळपासून उपाशी होता, त्याला दुपारच्या मीटिंगमध्ये चक्कर आली. पंधरा दिवसांनी सगळं पहिल्यासारखं झालं. त्याच कंपनीत तळमजल्यावर टेबल टेनिसचं एक टेबल होतं. रोज संध्याकाळी सात-आठ जण शर्ट भिजेपर्यंत खेळायचे, हरलेला चहा पाजायचा. जागा कमी पडते म्हणून ते टेबल काढलं आणि तिथं खुर्च्या मांडल्या. टेबल टेनिसमुळे कुणाचं किती वजन घटलं, हे एक्सेलमध्ये दाखवता येत नव्हतं ना!

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या आईला चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, रोज चाला." दोन्ही एका श्वासात, जणू चालायचं ते वजनासाठीच. आई साताऱ्यात रोज संध्याकाळी तीन मैत्रिणींबरोबर चालायला लागली. तीन महिन्यांनी तिची उपाशीपोटीची साखर उतरली होती, रात्री झोप लागत होती, जिना चढताना कठडा धरायची गरज पडत नव्हती. काटा मात्र अडुसष्टवरच. "एवढं चालून काय उपयोग झाला?" असं म्हणून तिनं चालणं सोडलं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यासाठी वजन उतरायची वाट बघावी लागत नाही, हे तिला दवाखान्यात कुणी सांगितलंच नव्हतं. सहा महिन्यांत साखर पुन्हा चढली आणि गोळी वाढली. आता ती परत चालते. काटा माळ्यावर आहे.

व्यायामाचा फायदा वजनाच्या आडवाटेनं येत नाही, हे आपल्याला आजोबांच्या काळापासून माहीत असायला हवं होतं. १९५३मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास 'द लान्सेट'मध्ये मांडला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी आढळला. पुढे मॉरिस यांनी या लोकांच्या गणवेशाच्या पँटची मापंही तपासली, कारण शंका रास्त होती : ड्रायव्हरांची पोटं सुटलेली असतात, हा फरक त्यामुळेच तर नाही? पोटं खरोखरच मोठी निघाली. पण कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला, जिन्याचा फायदा त्याला मिळतच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशी बघा. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी, असं त्यात आहे. लक्ष्य मिनिटांत दिलंय, किलोंत नाही. एका वेळी सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत, ही जुनी अटही त्यातून गेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, वजनाऐवजी साखर आणि रक्तदाब मोजू. जरूर मोजा. पण माझं खरं भांडण त्याच्याही पुढचं आहे. मी टेकडीवर जाते कारण शेवटच्या चढाला छाती भात्यासारखी चालते आणि वर पोचल्यावर घामावर वारा लागतो, तेव्हा डोक्यातला सगळा कोड पुसला जातो. बॅडमिंटन खेळते कारण नेटला घासून पलीकडे टपकलेल्या शटलनं जो आनंद होतो, तो पगार जमा झाल्यावरही होत नाही. एवढं कारण पुरेसं का नाही? सिनेमा बघून आलेल्या माणसाला आपण "काय उपयोग झाला?" असं विचारत नाही. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा घालणाऱ्या बायकांना कुणी विचारत नव्हतं की पहाटेपर्यंत किती कमी झालं. त्या दमायच्या, हसायच्या, पुन्हा उठायच्या. आज मात्र त्याच खेळांच्या व्हिडिओखाली 'चरबी जाळणारे पारंपरिक प्रकार' असं लिहिलेलं मी वाचलंय.

याच सुरात एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरतो : पूर्वीच्या बायका जातं ओढायच्या, विहिरीवरून पाणी आणायच्या, त्यांना जिम लागत नव्हती. तो वाचला की माझं डोकं फिरतं. ते कष्ट होते. पहाटे चारला उठून जात्यावर बसणाऱ्या बाईला आज नको म्हणायची सोय नव्हती. खेळ आणि कष्ट यांत फरक घामाचा नसतो, मर्जीचा असतो. स्वतःच्या मर्जीनं, स्वतःसाठी अंग हलवायला मिळणं ही आपल्या घरातल्या बहुतेक बायकांना कधीच न मिळालेली चैन आहे. आणि मिळाली तेव्हाही तिच्यावर वजनाची पावती चिकटवून मिळाली.

बायकांच्या बाबतीत ही पावती परवान्यासारखी चालते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' या २०११च्या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच दाखवलंय : बाई रस्त्यावर असेल तर काहीतरी कामाला निघालेली दिसली पाहिजे, उगाच असायची तिला मुभा नाही. मुलगी सकाळी सहाला एकटी बाहेर पडते. "लग्न जमवायचंय, बारीक होतेय" म्हटलं की घरचे दार उघडून देतात. "मजा येते म्हणून जाते" म्हटलं की चौकशी सुरू होते. लग्न झालं, बाळ झालं, की परवान्याची मुदत संपते. माझ्याबरोबर खेळणाऱ्या दोघी अशाच थांबल्या. शरीर त्यांचं होतं, पण त्याचा वापर दुसऱ्याच्या नजरेसाठी मंजूर झाला होता.

वजनाच्या या वेडाचा फायदा आणखी एकाला होतो, तो म्हणजे शहर चालवणाऱ्यांना. वजन हा तुमचा खासगी दोष ठरला की फूटपाथ हा कुणाचाच प्रश्न उरत नाही. पुण्यात फूटपाथवर दुचाक्या चढतात, शाळांची मैदानं कुलुपात असतात, आणि आपण 'इच्छाशक्ती कमी पडते' म्हणून स्वतःलाच दोष देत जिमचं वर्षाचं पॅकेज घेतो. २०२३च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरचा प्रस्तावित रस्ता आणि बोगदे यांच्या विरोधात पुणेकर मोठ्या संख्येनं मोर्चात उतरले. ती माणसं कॅलरींचा हिशेब करून आली नव्हती. त्यांना ती जागा आवडत होती. जिथं आपल्याला मजा येते, त्या जागेसाठी आपण भांडतो. जिथं फक्त शिक्षा भोगायला जातो, ती जागा गेली तर सुटलो म्हणतो.

शेवटचा आक्षेप मला पाठ आहे : "म्हणजे लठ्ठपणा चांगला का?" असं मी म्हटलेलं नाही. काही जणांना डॉक्टरी कारणानं वजन कमी करावं लागतं. त्यांनी ते आहार, औषधं आणि चांगल्या सल्ल्यानं करावं. फक्त ते खातं वेगळं ठेवा. एका खात्यात खडखडाट झाला म्हणून दुसरं बंद करू नका. काटा आठवडाभरात पाण्यामुळे आणि मिठामुळेही किलोभर इकडेतिकडे होतो. तेवढ्यावर आपली संध्याकाळ ओवाळून टाकायची?

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की मी पोहायला लागलोय, नाचायला लागलेय, खो-खो पुन्हा सुरू केलाय, तर त्याच्या पोटाकडे बघू नका. किती उतरलं ते विचारू नका आणि "चेहरा सुकला, बरं दिसतंय" असं प्रशस्तिपत्रही देऊ नका. विचारायचंच असेल तर एवढं विचारा : कुठं असता, किती वाजता, आणि आणखी एकाला जागा आहे का?