खोटी हाक

नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागली. शेजाऱ्याने तत्काळ दूरध्वनी केला. परंतु इतर संभाषणांच्या गर्दीत त्याची हाक तिष्ठत राहिली. त्या आगीत पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. लोकांत संताप उसळला, आणि ३० जून १९३७ पासून ९९९ हा क्रमांक केवळ संकटातील हाकेसाठी राखण्यात आला. तो फिरवताच केंद्रात तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे.

या क्रमांकावर खोट्या हाकाही येतात. मग पोलिसांनी संशयास्पद हाकांकडे सरळ कानाडोळा का करू नये? तसे करणे घातक ठरेल. घरात चोर शिरला असता कपाटाआड लपलेल्या मुलीला तोंडातून शब्दही काढता येत नाही. म्हणूनच तेथे भ्रमणध्वनीवरून अशी मूक हाक आली, तर तिला खोकण्यास किंवा यंत्रावर टिचकी मारण्यास सांगतात. आणि ५५ हे अंक दाबले, की हाक पोलिसांकडे जाते. यात वेळ जातो खरा, पण तो व्यर्थ म्हणता येणार नाही. व्यर्थ जातो तो थट्टेखोराने घेतलेला वेळ; आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो.

चुकून लागलेल्या हाकेची गोष्ट निराळी. भारतात ११२ हा क्रमांक असाच चुकून दाबला जातो, आणि मुले घाबरून दूरध्वनी बंद करतात. तसे करू नये. ‘चुकून लागला, संकट नाही’ एवढे ऐकले, की तिकडचा कर्मचारी पुढची हाक घेतो.