दगडी फरशीची तहान

आमच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी माझ्या सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी तिच्यावरचे तेलाचे डाग मला बघवेनात. शाळेतून आले आणि घाईघाईनं बाथरूमचं ॲसिड ओतलं. फेस आला. वाटलं, मळ निघतोय! वाळल्यावर बघते तर डाग तसाच आणि भोवती पांढरट, खरखरीत चट्टा. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच चट्ट्यावर त्यांनी गौरीचं पाऊल काढलं. ते मला फार लागलं.

शहाबादी, कोटा, कडाप्पा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. ॲसिडनं दगडच विरघळतो. तेल मात्र आत मुरलेलं असतं. म्हणून डाग पडण्याआधीच दगडाला सीलर पाजायचा.

आधी परीक्षा घ्या. फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. दगड तिथे काळपट झाला, तर तो पाणी पितोय, सीलरची गरज आहे.

जुन्या तेलाच्या डागावर खायचा सोडा पाण्यात कालवून जाड थापा, वर प्लॅस्टिक झाका. दुसऱ्या दिवशी काढा. एकदा नाही गेला तर पुन्हा करा. मग सौम्य साबणानं फरशी धुऊन दोन-तीन दिवस खडखडीत वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका. आतली ओल कोंडते.

दगडात मुरणारा सीलर आणा. आधी कोपऱ्यात लावून बघा. खिडक्या उघडा, गॅस बंद ठेवा, मुलांना शेजारी पाठवा. मऊ फडक्यानं पातळ हात द्या. डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर वर राहिलेलं सगळं पुसून घ्या. इथे आळस केलात तर चिकट थर बसतो. मग एक दिवस पाणी लावू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. सीलर तेल-हळदीला अडवतो, आंबटाला नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर सांडलं की हातातलं काम टाकून पुसा.

आमचा चट्टा शेवटी पॉलिशवाल्यानं घासून काढला, मग मी सीलर लावला. यंदा सासूबाईंनी पाऊल काढताना फरशीवरून नुसता हात फिरवला. मला तेवढं पुरे झालं.