सिनेमा शिकायचा, पण एकच विषय आणि खोलवर



बारावीचा निकाल लागला की आपल्या शिरगावात, सोमाटण्यात, तळेगावात घराघरांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. त्यात एखादा मुलगा किंवा मुलगी हळूच म्हणते, "मला सिनेमाचा विषय घ्यायचाय." घरातलं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, "दिवसभर मोबाईलवर तेच बघतेस, त्यासाठी कॉलेजची फी कशाला भरायची?"

पालकांचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर सरसकट "हो" किंवा "नाही" असं देता येत नाही. माझं मत असं की, मुलं नुसता 'सिनेमा' शिकणार असतील तर पालकांची शंका खरी आहे. मात्र सिनेमातला एखादा लहानसा विषय घेऊन वर्षभर त्याच्या मुळाशी जाणार असतील, तर ते शिक्षण मराठी, इतिहास किंवा रसायनशास्त्राइतकंच भक्कम आहे.

आधी वरवरच्या शिक्षणाबद्दल बोलू. एका सत्रात 'भारतीय चित्रपटाचा इतिहास' उरकायचा म्हटलं की काय होतं, हे आपण शिक्षक जाणतो. 'राजा हरिश्चंद्र' १९१३, 'आलम आरा' १९३१, 'अयोध्येचा राजा' १९३२. नावं आणि सनावळ्या पाठ करायच्या, पाच गुणांची टीप लिहायची, मोकळं व्हायचं. अशा वर्गात मुलांनी यातला एकही चित्रपट नीट पाहिलेला नसला तरी चालतं. मग पालकांनी "यात शिकलात काय?" असं विचारलं तर आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

आता दुसरी रीत बघा. उदाहरण आपल्या दारातलंच घेऊ. देहू आपल्यापासून गाडीवर अर्ध्या तासाच्या आत. तुकोबांवर प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दामले प्रभातमध्ये ध्वनीचं काम बघायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचं. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. ही माहिती कोणत्याही गाइडात मिळेल. खरा अभ्यास तिच्या पुढे सुरू होतो.

त्या चित्रपटात शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक अभंगाच्या घाटाचं गीत आहे. ते इतकं अस्सल वठलं की पुष्कळांना ते तुकोबांचंच वाटलं. मग मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला एवढंच काम द्या : चित्रपटातलं प्रत्येक पद उतरवून काढ, गाथा उघड, कोणतं पद गाथेत आहे आणि कोणतं नाही ते शोध. जे नाही, ते तुकोबांसारखं का वाटतं ते सांग. शब्दांमुळे, छंदामुळे, चालीमुळे की पागनिसांच्या गाण्यामुळे? या एका प्रश्नाच्या निमित्ताने तिची गाथा वाचून होईल, छंद समजेल, पाठभेद म्हणजे काय हे कळेल. वर्षभर नुसतं 'संतसाहित्य' शिकवून आपण तेवढं साधतो का, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावं.

याच चित्रपटात मुलगा आजारी पडल्यावर चिडलेली आवली त्याला ओढत देवळात नेते आणि पायताण घेऊन विठोबाला जाब विचारते. तुकोबांच्या भक्तीसमोर तिचा संसाराचा हिशेब उभा राहतो. संतपट म्हणजे नुसते चमत्कार असं समजणाऱ्याने हा प्रसंग बारकाईने पाहावा. घर कोण चालवतं, देव कोणाचा, असे प्रश्न १९३६ सालच्या प्रेक्षकांसमोर ठेवलेले दिसतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढा एक प्रसंगसुद्धा सत्रभर पुरेल.

दुसरं उदाहरण आवाजाचं. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला. तरुण नीराचं म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलं जातं आणि ती ते लग्न मानायला नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते वकील. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, रस्त्यावरचं. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला तर जवळपास पात्रासारखं महत्त्व आहे.

वर्गात एक साधा प्रयोग करता येतो. पडद्यावर कापड टाकून मुलांना दहा मिनिटं नुसतं ऐकायला लावायचं. कोणता आवाज कुठून आला, कधी थांबला, ते वहीत लिहायला सांगायचं. मग चित्र दाखवायचं. रील्सच्या काळात आवाजाचा भडिमार ऐकून कान बधिर झालेल्या मुलांना शांततेचाही अर्थ असतो हे तिथे कळतं. यंत्रसामग्री लागतच नाही, शिक्षकाची तयारी मात्र लागते.

तिसरं उदाहरण सायन्सवाल्या पालकांसाठी. जुन्या चित्रपटांची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ही फिल्म अत्यंत ज्वालाग्राही, एकदा पेटली की विझवणं महाकठीण. कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. पुढे आलेली ॲसिटेट फिल्म तशी पेटत नाही, पण दमट हवेत कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा वास यायला लागतो. तो वास ॲसिटिक आम्लाचा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले अगदी मोजके आज उरलेत. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या वारशाचाही मोठा भाग गेला. बी.एस्सी.च्या मुलाने 'फिल्म का कुजते आणि ती कशी टिकवायची' हा विषय घेतला तर तो रसायनशास्त्रच शिकतो, फक्त त्याच्या हातात आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळाचा ठेवा असतो.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. पुण्यात ही परंपराच आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे चित्रपट रसास्वाद शिकवायला सतीश बहादूर आले, ते मुळात आग्र्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' ते दृश्यामागून दृश्य उलगडून शिकवत. त्यांनी आणि पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ श्यामला वनारसे यांनी अपूच्या तीन चित्रपटांचा बारीक अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. एक अर्थशास्त्राचा माणूस, एक मानसशास्त्राची. आपला मूळ विषय घेऊनच ते सिनेमाकडे आले. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून जुने चित्रपट जमवले, फाळक्यांचे जे काही वाचलं तेसुद्धा.

हे संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर आहे. तळेगावहून लोकलने शिवाजीनगर, तिथून रिक्षा. सहलीला मुलांना वॉटर पार्कला नेतो तसं वर्षातून एकदा इथे नेता येईल. आधी चौकशी करून, परवानगी घेऊन, आणि मुलांच्या हातात एक ठरलेला प्रश्न देऊन. प्रश्नाशिवाय नेलं तर मुलं फक्त सेल्फी काढून परत येतील.

आता नोकरीचं. इथे गोड बोलून चालणार नाही. एवढ्या अभ्यासाने लगेच सिनेमात काम मिळेल असं कोणी सांगत असेल तर पालकांनी सावध राहावं. फिल्म इन्स्टिट्यूटच्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. म्हणजे ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठीही पदवीची वर्षं हीच तयारीची. नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं, मग नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास केला. तिथे शिकत असतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' त्यानंतरचा. मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या कॉलेजातही हे होऊ शकतं, एवढंच या उदाहरणातून घ्यावं. सगळेच मंजुळे होणार नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. ज्या मुलीने गाथा आणि चित्रपट समोरासमोर ठेवून वर्षभर काम केलं, ती उद्या शिक्षिका होवो, पत्रकार होवो की बँकेत जावो, समोरचा मजकूर तपासून घ्यायची सवय तिच्या अंगात राहील.

पालकांनी प्रवेश घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. सत्रात किती चित्रपट पूर्ण दाखवणार? त्यातला एखादा पुन्हा पुन्हा बघून त्यावर मुलं स्वतः काय लिहिणार? आणि ते लिहिलेलं तपासणार कोण? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर खुशाल नाही म्हणा. नीट मिळाली, तर मुलाच्या पाठीशी उभे राहा.

आणि शिक्षकांनो, नव्या शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या शाखेचे विषय घ्यायची वाट मुलांना मोकळी केली आहे. ती मोकळीक 'सोपा पेपर' म्हणून वाया घालवायची की नाही, हे आपल्या हातात आहे. पन्नास चित्रपटांची यादी देऊ नका. एक चित्रपट निवडा, एक प्रश्न ठरवा आणि मुलांबरोबर स्वतःही पुन्हा पाहायला बसा. ज्या गावातून देहूची पालखी निघते, त्या गावच्या संतावरचा चित्रपट आपल्या मुलांनी नुसता टीव्हीवर येता-जाता पाहू नये, नीट वाचावा. तो वाचायला शिकवणारे आपणच.