एका पायावरची कोलांटउडी

सूर्या बोनाली हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसेल. नीसची ही फ्रेंच मुलगी 1991 ते 1995 सलग पाच वर्षं बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये युरोपची विजेती होती. जागतिक स्पर्धेत मात्र तीनदा रौप्यच. 1994 मध्ये जपानात युका सातोपुढे ती पंचांच्या 5-4 अशा मतांनी हरली, तेव्हा गळ्यात घातलेलं पदक तिने तिथंच काढलं. उद्धट म्हणाले तिला! सातोचं पदलालित्य देखणं होतं, कबूल. पण बोनालीच्या उड्यांत ताकद आहे, नजाकत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं चालली. नजाकत मोजायची कुठल्या मापाने? बॅलेच्या साच्यात ही काळी, पिळदार मुलगी मावत नव्हती, हेच खरं दुखणं असावं.

1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पदक हातचं गेलं हे कळल्यावर तिने बंदी असलेली उलटी कोलांटउडी मारली आणि एकाच पायावर उतरली. गुण कापले गेले, नंबर दहावा. ही बंदी आंतरराष्ट्रीय संघटनेने उठवली 2024 मध्ये. आमच्या कचेरीतली परिपत्रकंसुद्धा याहून लवकर बदलतात हो! आता तीच उडी नियमात बसते. बोनालीचे कापलेले गुण मात्र कापलेलेच आहेत.