कोंबडीला गहू घालताना

मका महागला म्हणून एका वाचक भगिनीनं कोंबड्यांना गहू भरडून घालायला सुरुवात केली. तेव्हापासून खुराड्यातलं तूस सारखं ओलं होतं, पिल्लांच्या बुडाशी विष्ठा चिकटून बसते, अंडी मळकी निघतात. हगवणीचं औषध दिलं तरी गुण नाही, असं त्या लिहितात. सव्वाशे कोंबड्या आहेत आणि अंड्यांच्या पैशांतून मुलीची फी जाते, तेव्हा प्रश्न साधा नाही.

मैत्रिणींनो, विष्ठेत रक्त दिसलं तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. नुसताच चिकटपणा असेल तर दोष बहुधा गव्हाच्या अंगचाच असतो. गव्हात अरॅबिनोझायलन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. (नाव पाठ करायची गरज नाही हं!) त्याचा काही भाग पाण्यात विरघळून कोंबडीच्या आतड्यात खळीसारखा दाट होतो. मग पाचकरस अन्नात नीट मिसळत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि विष्ठा ओली, चिकट होते. मोठ्या कोंबडीला हे बरंचसं निभावतं. पिल्लांचे मात्र हाल होतात. ओल्या तुसातून अमोनियाचा उग्र वास सुटतो, पायांना जखमा होतात.

कणकेचा चिवटपणा वेगळा, तो ग्लुटेनमुळे येतो. म्हणून चपातीला उत्तम तो गहू कोंबडीलाही उत्तम, असं समजू नका. गव्हागव्हात फार फरक असतो, आणि तो दाणा पाहून कळत नाही. नव्या हंगामाचा गहू जास्त त्रास देतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. चिमलेल्या दाण्यात तर कोंडाच जास्त.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कोंबड्यांचं मुख्य धान्यच गहू. तिथे 1990 च्या दशकापासून खाद्यात झायलनेज नावाचं एन्झाईम घालणं सर्रास झालं. ते त्या तंतूच्या लांब साखळ्या तोडतं, की खळ पातळ होते. आपल्याकडेही ते मिळतं. पण पाकिटावर झायलनेज हे नाव आहे ना, ते वाचून घ्या. नुसतं ‘पाचक पावडर’ लिहिलेलं नको. हे टॉनिक नव्हे, आणि मक्याच्या खाद्यात त्याचा एवढा फरक दिसत नाही. परसात हिंडणाऱ्या चार-पाच कोंबड्यांसाठी तर मुळीच खर्च करू नका.

प्रमाण पाकिटावरचंच घ्या. चिमूटभर पावडर थेट पोत्यात टाकली तर एका कोंबडीला सगळी आणि दुसरीला काहीच नाही, असं व्हायचं. आधी किलोभर भरड्यात कालवा, मग ते पाच किलोंत, मग सगळ्यात. शिजवलेल्या गरम खाद्यात मात्र घालू नका, उष्णतेनं एन्झाईम निकामी होतं.

मका एकदम बंद न करता गहू हळूहळू वाढवा. गव्हात प्रथिनं मक्यापेक्षा जास्त, साधारण 11-12 टक्के. पण म्हणून सोयाबीनची पेंड फार कमी करू नका, कारण गव्हात लायसीन थोडं असतं. बुरसटलेला गहू नको, आणि औषध चोळलेलं रंगीत बियाणं तर चुकूनही नको.

आणखी एक. मक्याचा पिवळा रंग गव्हात नसल्यानं बलक फिका पडतो. त्यासाठी लसूणघास किंवा शेवग्याचा पाला रोज थोडा टाकत जा. अंडं सकसच असतं, पण फिका बलक पाहून गिऱ्हाईक नाक मुरडतं.