विकाऊ बातमी आणि मतदार

१९६८ साली अमेरिकेतील चॅपेल हिल येथे मॅककोम्ब्स व शॉ या अभ्यासकांनी कौल न ठरवलेल्या शंभर मतदारांची पाहणी केली. वृत्तपत्रादी माध्यमे ज्या प्रश्नांना ठळक जागा देतात, तेच मतदारांना महत्त्वाचे वाटतात, असे त्यांना आढळले. मग ती जागाच विकली गेली तर?

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत नेत्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत ‘बातमी’ म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये नावांनिशी अहवाल दिला; कौन्सिलने मात्र त्याचे संक्षिप्त रूपच प्रसिद्ध केले. मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर खुला झाला.

जाहिरात निदान आपण जाहिरात आहोत हे कबूल करते. विकत घेतलेली बातमी वाचकाला फसवते आणि उमेदवाराचा खर्चही लपवते. ज्याच्यापाशी पैसा नाही तो उमेदवार पानावरून पुसला जातो. त्याच्यासोबत शेतमजुराची मजुरी आणि गावाचे पाणीही. विधी आयोगाने २०१५ मध्ये हा निवडणूक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली. कायदा हवाच, पण छापलेल्या शब्दाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आधी वाचकानेच विचारला पाहिजे.